लहान गोष्टींतला विश्वासूपणा

आजचे वाचन: लूक १६:१०-१३



आजच्या वाचनात प्रभू आपल्या शिष्यांना एक साधं माप देतो. मोठ्या जबाबदारीत माणूस कसा वागेल हे जाणून घ्यायचं असेल, तर लहानशा जबाबदारीत तो कसा वागतो ते बघा. आपण नेमका उलटा हिशोब करतो. "एकदा प्रमोशन होऊ दे, होम लोन फिटू दे, मग घरच्यांना वेळ देईन, मंडळीतही काहीतरी करीन." ते 'मग' काही येत नाही.

हे वचन समजून घ्यायला आज आपण एका माजी नौदल अधिकाऱ्याचं आयुष्य पाहू या. त्यांचं नाव जिमी कार्टर. १९७७ ते १९८१ या काळात ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याआधी ते नौदलात होते. १९४६ साली ते नौदल अकादमीतून बाहेर पडले आणि त्याच वर्षी रोझलिन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढे ते पाणबुडीवर गेले आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांच्या नव्या कार्यक्रमात निवडले गेले. १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर इथे अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हा ती सोडवायच्या कामाला त्यांची तुकडी पाठवली गेली. किरणोत्सर्ग इतका होता की एका माणसाला एका वेळी सुमारे दीड मिनिटच आत थांबता येत होतं. तरुण वय, धाडसी काम, समोर उज्ज्वल करिअर!

१९५३ मध्ये वडील कर्करोगाने गेले. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स नावाच्या छोट्याशा गावी घरची भुईमुगाची शेती आणि व्यवसाय होता. तो सांभाळायला कार्टर यांनी नौदल सोडलं.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी. हा निर्णय त्यांनी पत्नीला न विचारता घेतला. रोझलिनना गावी परत जायचं नव्हतं, त्या फार रागावल्या. सुरुवातीला राहायला सरकारी वसाहतीतलं घर मिळालं, आणि पहिल्याच वर्षी दुष्काळ पडला. आपण पत्नीला विचारायला हवं होतं, हे कार्टर यांनी पुढे स्वतःच सांगितलं. म्हणजे कुटुंबावरची निष्ठा त्यांना जन्मतः मिळालेली नव्हती, ती ते शिकत गेले. दोघांनी रोज रात्री झोपण्यापूर्वी पवित्र शास्त्राचं वाचन सुरू केलं, आणि भांडण मिटवल्याशिवाय झोपायचं नाही असं ठरवलं. सवय साधीच, पण त्यांचा संसार ७७ वर्षं टिकला.

मंडळीतही त्यांची परीक्षा झाली. १९६५ मध्ये त्यांच्या प्लेन्सच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय लोकांना उपासनेला येऊ द्यायचं की नाही, यावर मतदान झालं. कार्टर बंदीच्या विरोधात बोलले. त्यांच्या बाजूने हात वर झाले ते त्यांच्या घरच्यांचे आणि आणखी एकाचे! विरोधात बसलेले सगळे ओळखीचे होते, शेजारी होते, त्यांच्याच दुकानाचे गिऱ्हाईक होते. राष्ट्राध्यक्षपद तेव्हा अजून बारा वर्षं दूर होतं. गावातल्या चर्चमध्ये खरं बोलणं, हेच त्या दिवशीचं 'लहान' काम होतं.

सत्ता गेल्यावर ते पुन्हा प्लेन्सलाच आले. तिथल्या मारानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी संडे स्कूल घेतलं. आवारातलं गवत कापलं, अर्पणाच्या लाकडी थाळ्या स्वतःच्या हाताने घडवल्या. रोझलिन स्वच्छतागृहं धूत असत. २०१५ मध्ये कर्करोग मेंदूपर्यंत गेल्याचं त्यांनी जाहीर केलं, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी ते नेहमीप्रमाणे वर्गासमोर उभे राहिले.

आपल्या महाराष्ट्राशीही या घराचं नातं आहे. जिमी यांच्या आई लिलियन या परिचारिका होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या पीस कॉर्प्सच्या स्वयंसेविका म्हणून आपल्या विक्रोळीत आल्या आणि रुग्णांची सेवा केली. २००६ मध्ये जिमी आणि रोझलिन लोणावळ्याजवळ आले, आणि गरजू कुटुंबांची घरं बांधायला इतर स्वयंसेवकांबरोबर राबले. तेव्हा जिमी ८२ वर्षांचे होते. आईने जे केलं, तेच मुलाच्या हातून घडलं.

२०२३ मध्ये रोझलिन गेल्या. स्वतः अखेरच्या आजारात असूनही कार्टर व्हीलचेअरवरून त्यांच्या शोकसभेला आले. २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभर वर्षांचे होऊन, ते प्रभूकडे गेले.

मित्रांनो, याचा अर्थ सगळ्यांनी नोकरी सोडून गावी जावं असा नाही. तुमचं पाचारण ऑफिसातही असू शकतं. पण ऑफिसातल्या डेडलाइनला आपण जितके प्रामाणिक असतो, तितके आईच्या फोनला असतो का? रविवारी उपासना संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं? मंडळीत कुणावर अन्याय होत असेल, तेव्हा आपला हात वर जातो का? प्रभू आपल्याला मोजतो तो इथे.

आज मनन करा:
१. 'मग करीन' म्हणून मी कोणतं लहान काम पुढे ढकलत आलो आहे?
२. घरातला कोणता निर्णय मी न विचारता घेतला? त्याबद्दल आज कुणाशी बोलायला हवं?

प्रार्थना: हे प्रभू, मोठं काम मिळण्याची वाट पाहत मी आजचं काम टाळतो. आज माझ्या हातात जे आहे, घरातलं, मंडळीतलं, ते प्रेमाने आणि खरेपणाने करायला मला शिकव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.