औषधी वनस्पतींचे लोकसहभागातून संवर्धन : गुग्गुळाचा धडा

आयुर्वेदीय औषधांच्या कोणत्याही दुकानात योगराज गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ ही नावे हमखास आढळतात. या औषधांना आधारभूत असलेला सुगंधी डिंक ज्या काटेरी झुडपापासून मिळतो, त्या गुग्गुळाची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१५ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ प्रजाती म्हणून केली. राजस्थान व कच्छचा रुक्ष प्रदेश ही या झुडपाची मुख्य भूमी असून मध्य प्रदेशात ते चंबळ खोऱ्यातील मुरैना व भिंड जिल्ह्यांच्या घळींमध्ये आढळते. औषधाला मागणी आहे, डिंक गोळा करणारे हात आहेत, कायदेही आहेत. तरीही झुडूप नाहीसे होत आहे. असे का व्हावे, हा वनस्पतिशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

मागणी आणि पुरवठा

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० मध्ये झाली. मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१४-१५ या वर्षी देशातील वनौषधींची एकूण मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन होती. व्यापारात १,१७८ प्रजाती असल्याचे आढळले आणि त्यांपैकी २४२ प्रजातींची वार्षिक उलाढाल प्रत्येकी १०० टनांहून अधिक होती. यातील बऱ्याच प्रजाती आजही शेतातून नव्हे, तर वनांतून व पडीक जमिनींतून गोळा केल्या जातात. गोळा करणारे बहुतांशी आदिवासी, भूमिहीन व अल्पभूधारक असतात.

रुक्ष प्रदेशात गुग्गुळाचे झुडूप डिंक देण्याजोगे होण्यास साधारणतः आठ ते दहा वर्षे लागतात. खोडावर उथळ खाच घेऊन बेताने डिंक काढल्यास झुडूप टिकते. परंतु खाच खोल गेली, किंवा अधिक डिंक पाझरावा म्हणून जखमेवर रसायनांचा लेप दिला, तर एकदा भरपूर उत्पन्न मिळते आणि झुडूप वाळून जाते. गोळा करणाऱ्यास हे ठाऊक नसते असे नाही. मग तो असे का करतो?

वाट पाहण्याची किंमत

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एक झुडूप खोल खाचेने आज एकदाच ५०० रुपयांचा डिंक देते व मरते. तेच झुडूप जपून वापरल्यास पुढील वर्षापासून दरवर्षी २०० रुपयांचा डिंक देत राहते. झुडूप दीर्घायुषी मानले आणि व्याजाचा दर वार्षिक १२ टक्के धरला, तर या भावी उत्पन्नाचे आजचे मूल्य २०० भागिले ०.१२ म्हणजे सुमारे १,६६७ रुपये होते. अर्थात, झुडूप जपणे तिपटीहून अधिक फायद्याचे ठरते.

आता दोन बदल करून पाहू. पहिला बदल : गोळा करणारा सावकाराच्या कर्जात आहे व व्याजाचा दर वार्षिक ६० टक्के आहे. तेव्हा त्याच भावी उत्पन्नाचे आजचे मूल्य ३३३ रुपयांवर येते, आणि आजचे ५०० रुपये अधिक मोलाचे ठरतात. दुसरा बदल : व्याज १२ टक्केच आहे, मात्र झुडपावर कोणाचाही निश्चित हक्क नसल्याने दरवर्षी दुसराच कोणी येऊन ते संपवून टाकण्याची शक्यता निम्मी आहे. या स्थितीत भावी उत्पन्नाचे अपेक्षित मूल्य केवळ १६१ रुपये उरते.

म्हणजेच या उदाहरणात हक्काची अनिश्चितता ही सावकाराच्या व्याजाहूनही घातक ठरते. झुडूप मारणारा माणूस अज्ञानी नसतो; ‘मी राखले तरी उद्या ते माझे असेल का?’ या प्रश्नाला त्याच्यापाशी खात्रीचे उत्तर नसते. संवर्धनाची कोणतीही योजना याच प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे.

हीच गोष्ट मध्य भारताच्या दमट वनांतही दिसते. जबलपूरच्या पलीकडे मंडला व दिंडोरी जिल्ह्यांत गोंड व बैगा कुटुंबे चारोळी गोळा करतात. फळ पिकेपर्यंत थांबल्यास बी भरते आणि दरही चांगला मिळतो. परंतु आपण थांबलो तर शेजारच्या गावचे लोक तोडून नेतील, या भीतीने कच्चीच फळे उतरविली जातात. उत्पन्न घटते, बी रुजत नाही, नवी झाडे उगवत नाहीत.

हार्डिन की ऑस्ट्रॉम?

सामायिक संपत्तीचा ऱ्हास अटळ आहे, असा युक्तिवाद गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये केला. त्यातून ‘एकतर सरकारी नियंत्रण, नाहीतर खासगी मालकी’ असे दोनच मार्ग उरतात, असा समज दृढ झाला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिसरा मार्ग दाखविला व त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संपत्तीची व वापरकर्त्यांची सीमा निश्चित असेल, नियम लोकांनीच ठरविले असतील, देखरेख त्यांच्याकडे असेल, नियमभंगास क्रमाने वाढणारा दंड असेल आणि या व्यवस्थेला शासनाची मान्यता असेल, तर समाज सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतो, असे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखवून दिले.

कायद्याची चौकट

भारतात या दृष्टीने तीन कायदे महत्त्वाचे आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे सोपविण्याचे तत्त्व स्वीकारले. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करणे व लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करणे अपेक्षित आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आणि वनांच्या रक्षणाचा अधिकारही ग्रामसभेला दिला.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्याचा हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ उजाडले. हक्काचा कागद व हक्काचा उपभोग यांत किती अंतर असू शकते, हे या दोन वर्षांनी दाखविले.

उद्योगाच्या नफ्यातील वाटा हा आणखी एक वादाचा विषय आहे. भारतीय कंपन्यांनीही जैविक संसाधनांच्या वापराबद्दल लाभवाटप केले पाहिजे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान व लागवडीखालील औषधी वनस्पती यांना काही अटींवर सूट दिली. लागवडीस उत्तेजन मिळून वनांवरील भार हलका होईल, असे समर्थक म्हणतात. समाजाच्या वाट्याला येणारा लाभ आटेल, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. दोन्ही बाजू अभ्यासणे आवश्यक आहे.

विज्ञान आणि बाजारपेठ

हक्क मिळाला तरी किती काढावे व कसे काढावे, हे ठरवावे लागते. येथे जबलपूरचे महत्त्व आहे. राज्य वन संशोधन संस्था येथे १९६३ पासून, तर उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ पासून कार्यरत आहे. अर्जुनाची साल काढताना आतला थर राखून बुंध्याच्या ठरावीक भागावरूनच ती सोलावी, जखम भरून आल्यावर दुसऱ्या बाजूकडे वळावे, अशा अविनाशी काढणीच्या पद्धती जबलपूरच्या संशोधनातून पुढे आल्या. मध्य प्रदेश शासनाने २००५ मध्ये वनोपजाच्या पोषणीय काढणीसाठी स्वतंत्र नियमही केले. मात्र प्रयोगशाळेतील मर्यादा गावाच्या ठरावात उतरली, तरच ती पाळली जाते.

तिसरा घटक बाजारपेठेचा. मध्य प्रदेशात १९८४ मध्ये लघु वनोपज सहकारी संघ स्थापन झाला आणि १९८८ पासून तेंदूपत्त्याच्या व्यवहारातील ठेकेदारांच्या जागी संकलकांच्या प्राथमिक समित्या आल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने उत्तर सह्याद्रीत हिरडा व बेहड्याच्या फळांचे ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार संकलन सुरू केले. बेहड्याच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटी करतात. फळांना रास्त भाव मिळाला की वृक्ष तोडून लाकूड विकण्याचा मोह कमी होतो आणि पक्ष्याचे घरही वाचते.

समारोप

हक्क, विज्ञान व भाव हे या प्रश्नाचे तीन पाय आहेत. हक्काविना विज्ञान कागदावर राहते. विज्ञानाविना हक्क अंदाजावर चालतो. आणि रास्त भाव नसेल तर दोन्ही असूनही कर्जबाजारी माणूस कोयता उचलतो. चंबळच्या घळीतील गुग्गुळ वाचवायचा असेल, तर झुडपाला कुंपण घालण्याआधी ते राखणाऱ्या माणसाला उद्याची खात्री द्यावी लागेल. आठ-दहा वर्षांनी डिंक देणारे रोप लावायला तोच पुढे येईल, ज्याला तो डिंक आपल्याच गावाला मिळेल असा भरवसा वाटतो.