वजन उतरविणे आणि गोडाची ओढ : आरोग्यशिक्षणाचा एक पाठ

उद्देश : (१) वाढत्या वजनाची कारणे शिक्षकांस समजावीत. (२) वजन उतरविण्याचा सुरक्षित मार्ग व गोडाच्या ओढीवरील उपाय ज्ञात व्हावेत. (३) नियम मोडल्यास पुन्हा मार्गावर कसे यावे, हे कळावे. (४) या ज्ञानाचा शाळेत व गावात उपयोग करता यावा.

प्रास्ताविक

ठाणे शहराच्या उत्तर भागात खाडीच्या काठी बाळकुम हे जुने गाव वसलेले आहे. भातशेती आणि मासेमारी हे खाडीकाठच्या या वस्त्यांचे पूर्वापार व्यवसाय. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि बाळकुम शहराचा भाग बनले. शेतांच्या परिसरात कारखाने आले व कालांतराने उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. नांगर, होडी आणि डोक्यावरील भारा यांच्याशी निगडित असलेले श्रम एका पिढीत ओसरले. मात्र श्रमकऱ्याच्या भुकेला बेतलेले ताट तसेच राहिले. त्यात बेकरीचे पदार्थ, शीतपेये आणि दिवसातून अनेक वेळा होणारा गोड चहा यांची भर पडली.

बाळकुमवरून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो. कशेळी, काल्हेर या गावांत आता शेतांच्या जागी गोदामे उभी आहेत. जे स्थित्यंतर बाळकुमने अनुभवले, तेच आता खेड्यांच्या वेशीत शिरले आहे. खेड्यातील शिक्षकाने हा विषय शहरी लोकांचा म्हणून दूर सारणे म्हणूनच इष्ट ठरणार नाही. शिवाय शिक्षकाची स्वतःची दिनचर्याही याच बदलाची साक्ष देते. पहाटे कल्याणहून लोकल गाडी, आसनगावहून जीप, न्याहारीऐवजी स्थानकावरील वडापाव, शाळेत बैठे काम आणि ज्या घरी जावे तेथे चहा, असा कित्येकांचा दिवस जातो.

१. केवळ वजनकाट्यावर विसंबू नये

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास देहभार निर्देशांक म्हणतात. समजा, एका शिक्षकाचे वजन ७२ किलोग्रॅम व उंची १.६० मीटर आहे. १.६० चा वर्ग २.५६, त्याने ७२ ला भागता २८.१ हा निर्देशांक येतो. भारतीयांसाठी २३ पासून अधिक वजन व २५ पासून स्थूलता मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हेही धोक्याचे लक्षण होय.

भारतीयांसाठी ही मर्यादा कमी का, याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत गर्भवती माता व त्यांची बालके यांचा दीर्घ अभ्यास केला. या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. भारतीय बालक दिसण्यास कृश. परंतु त्याच्या अंगी मांस कमी आणि त्या मानाने चरबी अधिक, असे आढळले. २००४ साली डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली.

याचा अर्थ असा की, अर्धपोटी मातेच्या पोटी जन्मलेले मूल पुढे बैठे जीवन व गोडधोड यांच्या आहारी गेले, तर त्यास मधुमेहाचा धोका अधिक असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी असल्याचे अनुमान निघाले. कुपोषण व स्थूलता हे दोन प्रश्न एकाच वर्गखोलीत शेजारी शेजारी बसलेले आहेत, हे शिक्षकाने ध्यानी घ्यावे.

२. साखरेचा हिशेब

चहाचा एक लहान चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, अर्थात २० उष्मांक. दिवसात ६ कप चहा व प्रत्येकात २ चमचे साखर घेणाऱ्याच्या पोटात चहावाटेच ६० ग्रॅम साखर जाते. वर्षाच्या ३६५ दिवसांत हा आकडा जवळजवळ २२ किलोग्रॅम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार, दिवसाच्या २००० उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ५० ग्रॅमपेक्षा कमी असावा. तो २५ ग्रॅमपर्यंत आणल्यास अधिक हितकर. गूळ व मध यांचीही गणना याच साखरेत होते. गुळाचा चहा कितीही प्यावा, ही समजूत चुकीची आहे. तसेच कृत्रिम गोडीच्या गोळ्यांचा वजन उतरविण्यासाठी आधार घेऊ नये, असा सल्ला त्याच संघटनेने २०२३ साली दिला.

३. सावकाश उतरण

वजन उतरविण्याचा निश्चय झाला की अनेक जण एकदम अन्न तोडतात. असे केल्याने काय होते, याचा प्रसिद्ध प्रयोग १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी केला. ३६ निरोगी तरुणांस सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्यांचे मन रात्रंदिवस अन्नाभोवती घुटमळू लागले, स्वभाव चिडखोर व खिन्न झाला. अन्नाची अनावर ओढ हा पुष्कळदा दुबळ्या मनाचा दोष नसून उपाशी शरीराची हाक असते, असे यावरून दिसते.

म्हणून आठवड्यास सुमारे अर्धा किलोग्रॅम ही सुरक्षित गती होय. एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. त्यामुळे अर्धा किलो उतरण्यास दिवसाकाठी साधारण ५५० उष्मांकांची तूट पुरते. वरील उदाहरणातील शिक्षकाने प्रथम वजनाचा विसावा भाग, म्हणजे ३.६ किलोग्रॅम एवढेच ध्येय ठेवावे. हिशेबाने ते ७ आठवड्यांत साधावे. परंतु सणवार व अडचणी धरून तीन महिन्यांची मुदत आखणे व्यवहार्य ठरेल.

जेवण तोडण्यापेक्षा ताटाची मांडणी बदलावी. अर्ध्या ताटात भाज्या व कोशिंबीर, पाव भागात भाकरी अथवा भात आणि उरलेल्या भागात डाळ, वालाची उसळ, मासळी, अंडे किंवा दही असावे. भात वर्ज्य करण्याचे कारण नाही. दुसऱ्यांदा वाढून घेणे थांबविले तरी बराच लाभ होतो. आठवड्यातून पाच दिवस तीस-तीस मिनिटे भरभर चालावे. जीपमधून एक थांबा आधी उतरणे हाही व्यायामच होय.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आहार घटवू नये अथवा उपास करू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरून घाम, कंप व चक्कर आल्यास तत्काळ साखर घेणे हाच उपचार असतो. गर्भवती व स्तनदा मातांनी वजन उतरविण्याच्या मागे लागू नये.

४. गोडाची ओढ

गोडाची इच्छा बहुधा चार कारणांनी उद्भवते : दोन जेवणांतील दीर्घ अंतर, आहारातील प्रथिनांचा तुटवडा, अपुरी झोप आणि ठराविक वेळ-स्थळाशी जडलेली सवय. चार वाजता घंटा झाली की बिस्किटाची आठवण होते, ती भुकेमुळेच होते असे नाही. कारण ओळखले की उपाय सुचतो.

(अ) सकाळी उपाशीपोटी घर सोडू नये. भाकरी व उसळ किंवा उकडलेले अंडे खाल्ल्यास दुपारची ओढ मंदावते.

(आ) चहातील साखर दर पंधरवड्यास अर्धा चमचा घटवावी. जिभेची गोडी सवयीची असते. दोन महिन्यांनी जुना चहा स्वतःलाच अति गोड लागतो.

(इ) पिशवीत भाजलेले चणे, शेंगदाणे अथवा एखादा पेरू ठेवावा.

(ई) इच्छा झाल्यावर पंधरा मिनिटे थांबावे, पाणी प्यावे, चार पावले फिरावे. ओढ लाटेप्रमाणे चढते व उतरते.

(उ) गोड सर्वस्वी वर्ज्य करू नये. गणेशोत्सवातील मोदक, होळीची पुरणपोळी व संक्रांतीचा तिळगूळ हे वर्षाचे आनंद आहेत. ते जेवणाच्या अखेरीस, बेताने आणि चवीने खावेत. रोजच्या नकळत जाणाऱ्या साखरेस आळा घातला, तर सणाच्या गोडास जागा उरते.

५. नियम मोडला तर

आहाराचे नियम बहुतेकांचे कधी ना कधी मोडतात. हळदीच्या कार्यात आग्रह होतो, आजारपण येते, परीक्षेच्या कामात चालणे राहते. खरी हानी त्या एका जेवणाने होत नाही. त्यानंतर मनात येणाऱ्या विचाराने होते. ‘आता मोडलेच आहे, तर मनसोक्त खाऊन घ्यावे’ असा तो विचार. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांस प्रथम गोड दुग्धपेय देऊन नंतर आइस्क्रीम पुढे ठेवण्यात आले. सर्वसाधारण व्यक्तींनी पेयानंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. खाण्यावर कडक निर्बंध पाळणाऱ्यांनी मात्र पेय न घेता खाल्ले असते त्याहून अधिक खाल्ले. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीत हाच अनुभव गोठलेला आहे.

दुसरा घोटाळा वजनकाटा करतो. दोन दिवसांच्या लग्नकार्यानंतर काटा दीड किलो अधिक दाखवितो आणि महिन्याचे कष्ट वाया गेले, असे वाटते. पण दीड किलो चरबी साठण्यास गरजेपेक्षा सुमारे ११,५०० उष्मांक अधिक खावे लागतील. म्हणजे ही वाढ बहुतांशी पाण्याची व पोटातील अन्नाची असते. पिष्टमय अन्नाचा साठा शरीर पाण्यासह करते आणि मीठही पाणी धरून ठेवते. नेहमीचा आहार सुरू केला की ती काही दिवसांत ओसरते. याच कारणाने पहिल्या आठवड्यात झपाट्याने घटलेले वजन पाहून हुरळूनही जाऊ नये. वजन आठवड्यातून एकदाच, ठराविक वारी, सकाळी करावे व वहीत नोंदवावे.

नियम मोडल्यावर पुढील तीन गोष्टी कराव्यात. पहिली, लगेचचे जेवण नेहमीप्रमाणे घ्यावे; प्रायश्चित्त म्हणून उपास करू नये, कारण उपासातून पुन्हा ओढच वाढते. दुसरी, काय घडले ते एका ओळीत वहीत लिहावे : वेळ, स्थळ, सोबत व मनःस्थिती. तिसरी, तोच प्रसंग पुन्हा आल्यास काय करावयाचे ते आधी ठरवावे. पाढा चुकलेल्या मुलास चांगला शिक्षक पहिल्या घरापासून शिक्षा करीत नाही. चूक कोठे झाली ते पाहून तेथून पुढे नेतो. तीच रीत स्वतःशी ठेवावी.

काटा हलला नाही तरी सवयींचे फळ मिळते. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी आहार व चालणे सुधारले. त्यांचे वजन विशेष घटले नाही. तथापि मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले.

६. शाळेतील उपक्रम

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. वजन उतरविण्याचा हा पाठ प्रौढांसाठी आहे; वाढत्या वयातील मुलास कमी खाण्यास सांगू नये. शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवरील पुष्कळ मुलांस पोटभर अन्नाचीच गरज आहे. वर्गात सर्वांदेखत वजन जाहीर करू नये आणि देहावरून होणारी चेष्टा खपवून घेऊ नये. शंका वाटल्यास पालकांशी एकांतात बोलून आरोग्यकेंद्राकडे पाठवावे.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांस साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. असा फलक खेड्यातील शाळेसही खर्चावाचून करता येईल. मुलांनी दुकानातील रिकामी वेष्टने जमवावीत, त्यांवरील साखरेचे आकडे वाचावेत व ५ ने भागून चमचे काढावेत. अनेक शीतपेयांत दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर असते. तेव्हा ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ६ चमचे भरतात. भागाकार व आरोग्य हे दोन्ही पाठ एकदमच होतात. वाढदिवशी चॉकलेटऐवजी फळे, चणे-गूळ किंवा वाचनपेटीस एक पुस्तक देण्याची प्रथा पाडावी.

शिक्षकाच्या पेल्यातील साखर घटलेली मुले पाहतात आणि घरी जाऊन सांगतात. ज्या गावात शेत जाऊन गोदाम आले आहे, तेथे हे सांगणे औषधापूर्वीचे औषध ठरेल.

स्वाध्याय

(१) घरातील महिन्याच्या साखर-गुळाचा खर्च माणशी व दरदिवशी किती ग्रॅम पडतो, ते काढा.

(२) स्वतःचा देहभार निर्देशांक व कंबरेचा घेर काढून खाजगी वहीत नोंदवा.

(३) गोडाची ओढ कोणत्या वेळी व कोठे होते, याची एक आठवडा नोंद ठेवा.

(४) गावातील वृद्धांस विचारून त्यांच्या तरुणपणीचे श्रम व आहार यांची आजच्याशी तुलना करा.