शितावरून भाताची परीक्षा, पण शीत निवडलं कुणी?

(ट्रेलर बघून सिनेमाविषयी मत बनवणे – इयत्ता ७ वी ते १० वी साठी दोन तासिकांचा पाठ)



एखाद्या मोठ्या सिनेमाचा ट्रेलर आला की दुसऱ्या दिवशी वर्गात निकाल लागलेला असतो. "भारी आहे, पहिल्याच दिवशी बघायचा!" नाहीतर "फालतू आहे, ट्रेलरमध्येच कळतंय." सिनेमा लागायला अजून महिना असतो, पण मत पक्कं झालेलं असतं. मग घरी हट्ट सुरू होतो. चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं तर किती खर्च येतो, हे पालकांना वेगळं सांगायला नको.

पण प्रश्न फक्त पैशांचा नाही. थोडंसं बघून पूर्ण मत बनवायची सवय मुलांना सगळीकडे लागते. वर्गात नवीन आलेला मुलगा, मोबाईलवरची अर्धी बातमी, पुस्तकाचं कव्हर, सगळ्यांनाच ती लागू होते. म्हणून मुलांच्या आवडीचा ट्रेलरच पाठासाठी घ्यावा असं मला वाटतं.

म्हणीपासून सुरुवात करा

"शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण मुलांना माहीत असते. ती खरी का ठरते, हे विचारा. एकाच पातेल्यात, एकाच आचेवर सगळा भात शिजतो. आपण कुठलंही एक शीत उचलून दाबतो, म्हणून अंदाज बरोबर येतो.

ट्रेलरमध्ये शीत आपण उचलत नाही. ज्याला भात विकायचा आहे, तोच चांगली शितं वेचून ताटलीत ठेवतो. हा फरक मुलांच्या लक्षात आला की अर्धा पाठ झाला.

इथे थोडं गणितही करून घ्या. सिनेमा १५० मिनिटांचा आणि ट्रेलर अडीच मिनिटांचा असेल, तर आपण सिनेमाचा ६० वा भाग बघितला. तोही सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी.

ट्रेलर काय काय करतो?

ट्रेलर या शब्दाचा अर्थ मागून येणारा. सुरुवातीच्या काळात ही जाहिरात मुख्य सिनेमा संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव पडलं. पुढे ती सिनेमाच्या आधी आली, पण नाव तेच राहिलं. म्हणजे ट्रेलर ही मुळात जाहिरात आहे. तिच्या तीन युक्त्या मुलांना उदाहरणांनी सांगता येतात.

१) निवड : विनोदी सिनेमातले चार चांगले विनोद ट्रेलरमध्येच संपलेले असू शकतात. कधी कधी तर ट्रेलरमधला प्रसंग सिनेमात नसतोच. 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' (२०१८) च्या ट्रेलरमध्ये हल्क इतरांबरोबर रणांगणावर धावताना दिसतो. सिनेमात तसं दृश्य नाही.

२) क्रम : लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख दिसलं. चेहरा बदलला नव्हता, फक्त शेजार बदलला होता.

३) संगीत : 'द शायनिंग' हा १९८० चा भयपट. २००५ मध्ये एका संकलकाने त्यातलीच दृश्यं वेगळ्या क्रमाने लावली, गोड संगीत आणि निवेदन जोडलं आणि तो बाप-लेकाच्या प्रेमाचा हलकाफुलका सिनेमा वाटेल असा गमतीचा ट्रेलर केला. दृश्यं मूळ सिनेमातलीच, पण वाटणारा अर्थ अगदी उलटा!

हे प्रकरण कोर्टातही गेलं आहे

नववी-दहावीच्या मुलांना हा भाग फार आवडेल. २०१६ साली 'फॅन' हा हिंदी सिनेमा आला. त्याच्या प्रसिद्धीत 'जबरा फॅन' हे गाणं सगळीकडे वाजत होतं. महाराष्ट्रातल्या एका शिक्षिका कुटुंबासह सिनेमाला गेल्या, तर ते गाणं सिनेमात नव्हतंच! त्यांनी ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा पातळीवर ती फेटाळली गेली. राज्य आयोगाने मात्र १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च द्यायला सांगितलं आणि राष्ट्रीय आयोगानेही ते कायम ठेवलं. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय बदलला. ट्रेलर हा प्रेक्षकाशी केलेला करार नाही, ट्रेलरमध्ये जे दिसलं ते सिनेमात असेलच असं वचन त्यातून मिळत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

अमेरिकेत 'येस्टरडे' (२०१९) या सिनेमाबाबत असाच वाद झाला. ट्रेलरमध्ये दिसलेली अभिनेत्री सिनेमातून कापली गेली होती, म्हणून दोन प्रेक्षक कोर्टात गेले. ट्रेलर ही जाहिरात आहे, त्यामुळे फसव्या जाहिरातीचा दावा पुढे चालू शकतो, असं तिथल्या न्यायाधीशांनी २०२२ मध्ये म्हटलं.

दोन देशांत दोन सूर निघाले. "ट्रेलर हे वचन आहे की नाही?" यावर वर्गात वादविवाद घ्या. दोन्ही बाजूंना चांगले मुद्दे आहेत, त्यामुळे शेवटी निकाल देण्याची घाई करू नका.

वर्गात कसं घ्यावं?

पहिली तासिका : मुलांच्या वयाला योग्य असा, अजून न लागलेल्या सिनेमाचा ट्रेलर निवडा. आधी आवाज बंद करून दाखवा, मग फक्त आवाज ऐकवा आणि शेवटी दोन्ही एकत्र. प्रत्येक वेळी मुलांनी वहीत तीन रकाने भरायचे.

• मला काय दिसलं / ऐकू आलं?
• त्यावरून मला काय वाटलं?
• मला अजून काय माहीत नाही?

खरी कसरत पहिल्या दोन रकान्यांची आहे. "हिरो शूर आहे" हे मुलं पहिल्या रकान्यात लिहितात. तेव्हा विचारा, "शूरपणा दिसला, की उडी मारताना दिसला?" उडी पहिल्या रकान्यात, शूरपणा दुसऱ्या. निरीक्षण आणि अनुमान यातला फरक व्याख्या पाठ करून कळत नाही, तो असा हाताने वेगळा करावा लागतो. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामाच राहतो. तो भरायला लागला की पाठ पोचला असं समजा.

दुसरी तासिका : सिनेमा लागल्यावर ज्यांनी बघितला असेल त्यांच्याशी वही पडताळून बघा. बघितला नसेल त्यांनी परीक्षणं वाचून पडताळावं. अंदाज चुकला तर गुण कापू नका. कुठल्या खुणेमुळे चुकला, ते शोधणाऱ्याला शाबासकी द्या.

दहावीच्या जाहिरातलेखनाशी हा पाठ सहज जोडता येतो. पाठ्यपुस्तकातली एखादी कथा द्या आणि तिचा ट्रेलर लिहायला सांगा. खोटं एकही वाक्य लिहायचं नाही, पण वाचणाऱ्याची उत्सुकता वाढली पाहिजे. काय लपवायचं हे स्वतः ठरवताना मुलांना ट्रेलरवाल्यांची युक्ती आतून कळते.

पालकांसाठी दोन गोष्टी

'सैराट' (२०१६) आठवा. 'झिंगाट' गाण्यावर लहान मुलंसुद्धा नाचत होती. सिनेमाचा शेवट मात्र मोठ्यांनाही सुन्न करणारा आहे. सिनेमा महत्त्वाचाच, पण फक्त गाणी बघून पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जावं का, हा प्रश्न उरतोच. म्हणून ट्रेलरबरोबर सेन्सॉरचं प्रमाणपत्रही बघा. २०२४ पासून 'यूए' मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे वयोगट आले आहेत. ट्रेलरपेक्षा ही छोटी अक्षरं जास्त खरं सांगतात.

दुसरं म्हणजे, मुलांना "ट्रेलर म्हणजे फसवणूक" असं शिकवू नका. ट्रेलर बघण्यात मजा आहे आणि उत्सुकता वाटणं चांगलंच आहे. "मला बघावासा वाटतो" हे म्हणायला ट्रेलर पुरतो. "सिनेमा चांगला आहे" हे म्हणायला मात्र सिनेमाच बघावा लागतो. या दोन वाक्यांतलं अंतर मुलाला कळलं, तर ते सिनेमापुरतं राहणार नाही. माणसं ओळखताना आणि बातम्या वाचतानाही त्याला ते उपयोगी पडेल.

पाठ घेऊन बघा आणि तुमच्या मुलांनी तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं ते जरूर कळवा.