पटकी : एका अडकलेल्या व्हॉल्व्हची गोष्ट

रोगजंतू म्हटलं की शरीरात घुसून पेशींची नासधूस करणारा शत्रू आपल्या डोळ्यांपुढे येतो. काही जंतू तसे असतातही. क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या पेशींच्या आत ठाण मांडतो, हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू मात्र सहसा आतड्याचं अस्तरसुद्धा ओलांडत नाही. तरीही उपचार मिळाले नाहीत तर धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो. हे कसं घडतं ते वाचलं, तेव्हा मला हा विषय मेडिकलवाल्यांइतकाच आपलाही वाटला. कारण सगळी भानगड पंप, व्हॉल्व्ह आणि फ्लोची आहे!

आधी नॉर्मल सिस्टिम बघू. आपण पितो ते पाणी, लाळ, जठररस, पित्त असं सगळं धरून रोज साधारण ८ ते ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत शोषून घेतं. शौचावाटे जातं ते फार तर १०० ते २०० मिलिलिटर पाणी. म्हणजे इनपुट आणि आउटपुटचा हिशोब फार काटेकोर आहे. तो थोडा जरी चुकला तरी काय होईल, याची कल्पना करा.

आता जंतूचा प्रवास. तो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. पहिला चेकनाका जठरातल्या आम्लाचा. तिथे बहुतेक जंतू मरतात, म्हणून निरोगी माणसाला आजारी पाडायला एरवी कोट्यवधी जंतू लागतात. आम्ल कमी असेल तर बरेच कमी पुरतात. जे वाचतात ते एका शेपटीच्या जोरावर आतड्यातल्या चिकट थरातून पोहत जाऊन अस्तराला चिकटतात आणि विष सोडू लागतात.

या विषाचे दोन भाग असतात. एक भाग पेशीला पकडतो, दुसरा आत शिरतो. पेशीत एक स्विच असतो, एरवी तो गरजेनुसार चालू-बंद होतो. विष त्याच्यावर असा रासायनिक बदल करतं की तो चालूच राहतो. त्यामुळे सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या पेशीत भरमसाट वाढतो आणि क्लोराइडचे मार्ग उघडे पडतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहतं, त्याच्यामागे सोडियम, आणि जिथे मीठ तिथे पाणी हे तर आपण ऑस्मॉसिसमध्ये शिकलोच आहोत. तीव्र पटकीत तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. रक्तातलं पाणी कमी होतं, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थांबतात. जंतूचा मात्र यात फायदाच. या लोंढ्याबरोबर तो बाहेर पडतो आणि पुढच्या माणसाच्या पाण्यात पोचतो.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात या जंतूचा अभ्यास केला, पण तो नेमका मारतो कसा हे कळायला बराच काळ गेला. १९५९ मध्ये कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढले आणि उरलेला नुसता द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. जंतू नसतानाही आतडं पाण्याने फुगलं! दोष कुठल्या भागात आहे हे शोधायला आपण एकेक भाग वेगळा करून टेस्ट करतो, अगदी तसंच.

आता खरी गंमत. व्हॉल्व्ह अडकला तरी शेजारचा एक पंप शाबूत असतो. हा पंप ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच आत ओढतो, आणि पाणी त्यांच्यामागून येतं. विषाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. म्हणजे बायपास लाइन तयारच आहे, फक्त साखर आणि मीठ एकत्र द्यायला हवं. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये भरून रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

हे सगळं इथे सांगायचं कारण म्हणजे होस्टेलवर कुणाचं पोट बिघडलं की पहिला सल्ला मिळतो, "पाणी पिऊ नको, अजून जुलाब होतील." हा सल्ला साफ उलटा आहे. आपल्याकडचा प्रत्येक जुलाब पटकीचा नसतो. पण ई. कोलायच्या काही जाती जवळपास असंच विष बनवतात, आणि जंतू कुठलाही असो, गेलेलं पाणी भरून काढावंच लागतं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप पाळा, कारण मीठ जास्त झालं तर अपाय होतो. कोल्ड्रिंक हा पर्याय नाही, त्यातली जादा साखर उलट पाणी आतड्यात ओढते. शौचात रक्त दिसलं, लघवी बंद झाली, पाणी पोटात टिकेना किंवा ग्लानी आली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. रूममेटने मनाने अँटिबायोटिक देऊ नये.

रेक्टर सर आणि मेस कमिटीला दोन विनंत्या. प्रत्येक मजल्यावरच्या फर्स्ट एड पेटीत ओआरएसची पाकिटं असावीत, आणि टाकी कधी धुतली, क्लोरीन कधी टाकलं, याची तारीख नोटीस बोर्डावर लागावी. दोन्हींचा खर्च एका फ्रेशर्स पार्टीपेक्षा नक्कीच कमी येईल.