थांबणारी आणि न थांबणारी कामं

मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका आहे. सकाळी पाणी, चूल, मग अंगणवाडी, दुपारी गृहभेटी, आणि पावसाळ्यात याच्या जोडीला स्वतःच्या खाचरातली आवणी. त्यात रजिस्टरं, मोबाइलवर भरायची माहिती, बीटची मीटिंग, कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं. सगळी कामं एक दिवस संपतील आणि मग आपण मोकळ्या होऊ, ही आशा मी केव्हाच सोडली. नव्या सेविका विचारतात, "ताई, जमवता कसं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

१. कोणतं काम थांबत नाही, ते आधी ओळखावं.
हे शेतीनेच शिकवलं. उन्हाळ्यात डहाळी, पालापाचोळा, शेण थरावर थर टाकून राब भाजायचा. तो पावसाआधीच व्हायला हवा, भिजलेला राब पेटत नाही. मग त्यावर भाताची पेरणी, आणि तीन-चार आठवड्यांत रोप उपटून लावायचं, तीच आवणी. रोप जून झालं की फुटवे कमी येतात, मग खत घाला नाहीतर रात्रंदिवस राबा, गेलेलं पीक परत येत नाही. रजिस्टर मात्र संध्याकाळी दिव्याखाली बसूनही पूर्ण होतं. म्हणून समोर काम आलं की मी विचारते, हे आठ दिवसांनी केलं तर कुणाचं काय जाईल? फोनवर "ताबडतोब पाठवा" म्हणून मागितलेली पुष्कळशी माहिती या प्रश्नापुढे मागे सरते. गरोदर बाईच्या पायाला आलेली सूज सरत नाही.

२. जे काम टाळावंसं वाटतं, त्यात आळस कमी आणि धास्ती जास्त असते.
चालढकल करणारीला लोक आळशी म्हणतात. मला ते पटत नाही. पाच मैल चालून जाणारी बाईसुद्धा एका घराचा उंबरा चढायचं टाळते, कारण तिथलं पोर खंगलेलं असतं आणि आईशी काय बोलावं ते सुचत नसतं. आमच्याकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते, हिरवी, पिवळी, लाल. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे पोर तीव्र कुपोषित. पट्टी ओढताना आई आपल्या चेहऱ्याकडे बघत असते, पट्टीकडे नाही. "पोर खात नाय, मी काय करू?" ती आधीच चिडलेली असते, कारण आपण तिलाच बोल लावणार असं तिने धरलेलं असतं.
अशा घरी मी सकाळी पहिल्यांदा जाते. दुपारपर्यंत ठेवलं की दहा कारणं सापडतात. गेल्यावर कुपोषणाचं नाव काढत नाही. ओट्यावर बसते, तिची भात-नागली कशी आहे ते विचारते, तिने स्वतः काल काय खाल्लं ते विचारते. मग पोराला मांडीवर घेते. पोराला ताप, जुलाब असेल किंवा ते अन्नच घेत नसेल, तर जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचं कसं, घरची बाकीची पोरं कोण बघणार, हे तिथेच बसून ठरवते. नुसतं "दवाखान्यात ने" म्हणून उठलं तर ती जात नाही.
या भेटी पुढे ढकलायच्या नाहीत, याचं कारण आमच्या भागाला सांगावं लागत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं कुपोषणाने दगावली, तेव्हा अख्ख्या राज्याचं लक्ष इकडे वळलं. आजही तो विषय निघाला की जुनी माणसं गप्प होतात.

३. महिन्याचं काम महिनाअखेरीला ठेवू नये.
पोरांची वजन-उंची घ्यायचं काम असंच शेवटावर ढकललं जातं. मी माझ्याकडचे पाडे दिवसांवर वाटून घेते, एका दिवशी एकच पाडा. आकडे आधी वहीत, मग रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन सगळे एकदम पोषण ट्रॅकरवर.

४. माणसं जिथे जमतात तिथे काम न्यावं.
मध्य वैतरणेचं धरण आमच्याच तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या बाया विहिरीच्या तळाशी पाणी झिरपायची वाट बघत बसतात. हे मला दरवर्षी तितकंच लागतं. पण मीही त्याच रांगेत असते, आणि गरोदर, स्तनदा सगळ्याजणी तिथेच भेटतात. कोण अमृत आहाराच्या जेवणाला आली नाही, कुणाचा लसीचा डोस राहिला, ते हंडा भरेपर्यंत कळतं. तेवढी घरं फिरायची वाचतात.

५. एकटीने ओढू नये.
आवणी कधी कुणी एकटीने केली आहे का? आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मदतनीस आणि आशाताईबरोबर मी हेच ठेवलं आहे. अवघड घरी दोघी जातो. माझ्या आवणीच्या दिवशी पोरांचं खाणं मदतनीस बघते, तिच्या आवणीला मी चूल सांभाळते.

६. दिवाळीआधीचं काम दिवाळीनंतर नसतं.
भात झोडून झालं की वीटभट्टीच्या मुकादमाची गाडी येते. उचल आधीच घेतलेली असते. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, पोरं बरोबर. काल अंगणवाडीत वरणभात खाणारं पोर आज कुठल्या भट्टीवर आहे, हे आजीलाही धड सांगता येत नाही. गाडी कधी रात्रीच येते, घराला नुसती कडी लावलेली दिसते.
म्हणून कापणी सुरू व्हायच्या आत मी जाणाऱ्या घरांची यादी करते. पोराचं वजन, दंडाचा घेर, राहिलेली लस एका कागदावर लिहून आईच्या हातात देते, आधार कार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगते, आणि पोहोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत तो दाखवायला सांगते. मुकादमाचा नंबर मागून घेते, बहुतेक घरं देतात. होळीला माणसं परत आली की याच यादीवरून पुन्हा वजनं करते. ज्या पोराचं उतरलेलं असतं त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली फेरी. राबाचं काम तेव्हा अंगावर असतंच, पण पाऊस यायला अजून अवकाश असतो.