कौतुक आणि खुशामत

प्रश्न : सहकाऱ्याच्या कामाचे कौतुक कोणत्या शब्दांत केल्यास ते खुशामत न वाटता त्याला खरे प्रोत्साहन मिळते?

उत्तर : अंतःप्रेरणा, म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता कामातच रस वाटणे, या विषयावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पैशांसाठी कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांचा रस पैसे थांबल्यावर ओसरला, तर शाब्दिक कौतुक लाभलेल्यांचा रस टिकला, किंबहुना वाढण्याकडे त्याचा कल दिसला. मात्र शब्दांची निवड येथे निर्णायक असते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात हुशारीबद्दल वाखाणलेली शाळकरी मुले अपयशानंतर लवकर खचली आणि मेहनतीबद्दल वाखाणलेली चिकाटीने टिकली. हा निष्कर्ष मुलांपुरता असला, तरी कार्यालयातही ‘तुम्ही फार हुशार आहात’ यापेक्षा ‘जुन्या पावत्या पडताळून तुम्ही हिशेबातील तफावत शोधलीत, म्हणून लेखापरीक्षण वेळेत झाले’ हे वाक्य अधिक मोलाचे ठरते, कारण त्यात कृती आणि तिचा परिणाम नेमकेपणाने येतात, आणि खुशामतीला हा नेमकेपणा बहुधा साधत नाही.

मराठीत औचित्याचाही प्रश्न येतो. ‘शाबास’ हा फारसी ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’, यावरून आलेला शब्द वडीलधाऱ्याने धाकट्याच्या पाठीवर थाप देताना शोभतो. वरिष्ठांना मात्र ‘आपल्या मांडणीमुळे विषय स्पष्ट झाला’ असे म्हणणेच योग्य. कौतुकाला लगेच ‘पण’ जोडून चूक दाखवू नये. संकोची सहकाऱ्याला भर बैठकीतील स्तुतीपेक्षा दोन ओळींची चिठ्ठी अधिक सुखावते.