वनोपज, परवाना आणि गावाचे वन
(इयत्ता ४ थी व ५ वी : परिसर-अभ्यास)

प्रास्ताविक

जंगलपट्टीतील गावात शाळेत येणारे मूल वनाशी अपरिचित नसते. मोहाची फुले केव्हा गळू लागतात, चार केव्हा पिकते, कोणत्या पावसानंतर बांबूला वास्ते फुटतात, हे त्यास पुस्तकावाचून ठाऊक असते. त्यास ठाऊक नसते ते एवढेच की, हा माल वनातून बाजारात जाताना कोणत्या कायद्याच्या आधाराने जातो, त्याकरिता लागणारा कागद कोण देतो, आणि कागद देणाऱ्यावर कोणती जबाबदारी येऊन पडते. हे ज्ञान नसल्यामुळे कष्ट करणारा मनुष्य दोन ठिकाणी नाडला जातो : नाक्यावर अडवला असता त्यास उत्तर देता येत नाही, आणि व्यापाऱ्याने केलेला हिशेब त्यास पडताळून पाहता येत नाही. ही उणीव भरून काढणे प्राथमिक शिक्षकाच्या आवाक्यातील काम आहे.

पाठाचे हेतू पुढीलप्रमाणे : (१) गौण वनोपज म्हणजे काय हे मुलांस ओळखता यावे. (२) वाहतूक परवाना वाचता व भरता यावा. (३) हक्क आणि जतन ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत, हे उदाहरणांवरून त्यांच्या मनावर ठसावे.

विषय-विवेचन

वनांविषयीचे कायदे आपल्या देशात १८६५, १८७८ व १९२७ या साली क्रमाने झाले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांस दिला. वाहतूक परवाना या व्यवस्थेतून आला. चोरटी तोड थांबावी हा त्याचा उघड हेतू होता, व तो अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वनावर निर्वाह करणाऱ्या माणसासही आपल्याच शिवारालगतच्या वनातील वस्तू विकण्यासाठी दुसऱ्याच्या अनुमतीची वाट पाहावी लागू लागली. याच अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत केलेली होती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येतून बांबूचे नाव २०१७ साली प्रथम वटहुकमाने व त्यानंतर कायद्याने वगळण्यात आले. एका शब्दाच्या व्याख्येवर बुरुडाची टोपली आणि शेतकऱ्याचा मांडव कसा अवलंबून असतो, हे या उदाहरणावरून वरच्या वर्गातील मुलांस सहज समजते.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा संमत केला. या कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या निश्चित केली. वनस्पतीपासून मिळणारे इमारती लाकडाखेरीजचे सर्व वनोपज तीत येते : बांबू, वेत, झुडपे, खुंट, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूची पाने, औषधी वनस्पती, कंद व मुळे. परंपरेने गोळा केलेल्या अशा वनोपजावर वननिवासी लोकांचा मालकीहक्क, म्हणजे ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क, कायद्याने मान्य केला. त्याच कलमात दुसरा एक हक्क आहे, व तो तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या सामूहिक वनाचे गावाने परंपरेने रक्षण केले, त्याचे संरक्षण, पुनरुज्जीवन, जतन व व्यवस्थापन करण्याचा हा हक्क होय. कायद्याने कर्तव्येही सांगितली आहेत : वन्य प्राणी, वन व जैवविविधता यांचे रक्षण करणे, पाणलोट व पाण्याचे स्रोत सांभाळणे, आणि वनास अपाय करणारे कृत्य थांबविणे.

या कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. तीनुसार गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा ग्रामसभेने अधिकृत केलेली व्यक्ती देऊ शकते. गौण वनोपज गोळा करण्यावर स्वामित्वशुल्क अथवा अन्य आकार घेता येत नाही, हेही नियमांत स्पष्ट केले आहे. ग्रामसभेच्या बैठकीस निम्म्याहून कमी नाहीत इतके सभासद उपस्थित असावे लागतात, व उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

येथे शिक्षकाने एक सावधगिरी बाळगावी. इमारती लाकूड व शिकार यांस हा हक्क लागू नाही. तसेच ज्या गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झालेला नाही, तेथील व्यवहार निराळा असतो. म्हणून वर्गात जाण्यापूर्वी आपल्या गावाच्या हक्काची स्थिती ग्रामसभेच्या कागदपत्रांवरून पाहून घ्यावी व त्याप्रमाणेच सांगावे.

उदाहरण पहिले : मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड लोकवस्तीचे लहानसे गाव आहे. गावाचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने घ्यावयाचे, अशी तेथील रीत आहे. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. २००९ साली या गावास सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्काचे अधिकारपत्र मिळाले. तथापि हक्क हाती आला तरी अडचण सरली नाही. ग्रामसभेने बांबू विकण्याचे ठरविले, पण वाहतूक परवाना मिळेना. आणि परवान्यावाचून तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. मंत्र्याने स्वतः येऊन द्यावे असे त्या पुस्तकात काय होते, हा प्रश्न मुलांस विचारावा. परवाना देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, विक्रीचा खरा अधिकार त्याच्याच हाती असतो, या उत्तरापर्यंत मुले चर्चेतून आपण होऊन पोहोचतात.

उदाहरण दुसरे : पाचगाव

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावास २०१२ साली सुमारे १००० हेक्टर वनावरील हक्क मिळाला. बांबूची विक्री गावाने स्वतःच्या व्यवस्थेने सुरू केली. तेंदूपत्त्याविषयी मात्र गावाने निराळा विचार केला. पानांची नवी फूट चांगली यावी म्हणून तेंदूची छाटणी होते व वनात आगी लावल्या जातात. त्यायोगे इतर रोपे जळतात, आणि तेंदूची फळेही मिळत नाहीत. म्हणून उत्पन्नाचे साधन असूनही पाचगावाने तेंदूपत्ता तोडून विकणे बंद केले. पैसा मिळत असता तो सोडून देण्याचा निर्णय कोणीही वरून लादलेला नव्हता. गावानेच तो घेतला, हे येथे अधोरेखित करावे. तेंदूपत्त्यावर निर्वाह चालविणारी गावेही पुष्कळ आहेत. त्यांस दोष देण्याचा या उदाहरणाचा हेतू नाही. छाटणी व आग यांवाचून पाने कशी मिळतील, याची चर्चा तेथील मुलांनी करावी.

जतनाचे नियम

पुढील नियम जाणत्या गावकऱ्यांच्या तोंडून मुलांनी ऐकावेत, असा प्रयत्न करावा. शिक्षकाने शेवटी त्यांचे संकलन करून फळ्यावर लिहावे.

बांबू : पावसाळ्यात तोड करू नये, कारण त्या वेळी नवे कोंब वाढत असतात. बेटातील, म्हणजेच रांजीतील, एक वर्षाच्या काठीस हात लावू नये. जुन्या काठ्या बेटभर विखुरलेल्या राहतील अशा बेताने तोडाव्यात, म्हणजे नव्या कोंबांस आधार मिळतो. तोड जमिनीलगत, गाठीच्या किंचित वर करावी.

मोह : फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. हीच आग पुढे वणव्याचे रूप घेते. पाला झाडून बाजूस करावा किंवा झाडाखाली जुने लुगडे अथवा जाळी अंथरावी.

चार : कच्ची फळे ओरबाडून किंवा फांदी तोडून घेऊ नयेत. एकाने कच्ची तोडली की दुसराही घाई करतो. म्हणून तोडीचा दिवस सर्व गावाने मिळून ठरवावा.

मध : पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापावा, पिलावाचा भाग राखावा. धूर करावा, परंतु पोळे जाळू नये.

समवाय

भाषा : परवान्याचा नमुना जाड कागदावर तयार करावा. त्यात ग्रामसभेचे नाव, माल नेणाऱ्याचे नाव, मालाचा प्रकार व नग, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, मार्ग, दिनांक, मुदत आणि सही एवढे रकाने असावेत. एका मुलाने परवाना भरावा, दुसऱ्याने तो नाक्यावर तपासावा, व चूक आढळल्यास ती कोणती हे पूर्ण वाक्यात सांगावे.

गणित : (अ) महाराष्ट्रात तेंदूपत्त्याच्या एका पुड्यात ७० पाने धरतात व १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. एका गोणीत पाने किती? एका कुटुंबाने दिवसाला १५० पुडे बांधले, तर एक गोणी भरण्यास किती दिवस लागतील? (आ) एका बेटात एक वर्षाच्या ६, दोन वर्षांच्या ७ व त्याहून जुन्या १४ काठ्या आहेत. एक व दोन वर्षांच्या काठ्या तोडावयाच्या नाहीत, आणि जुन्यांपैकी किमान ६ राखावयाच्या, असा गावाने नियम केला, तर अधिकात अधिक किती काठ्या तोडता येतील?

नागरिकशास्त्र : वर्गाची ग्रामसभा भरवावी. ‘चार कोणत्या दिवशी तोडावी?’ हा एकच प्रश्न ठेवावा व निर्णय सर्वसंमतीने घ्यावा. मुलींना बोलण्याची संधी प्रथम द्यावी. ठराव वहीत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

शिक्षकांस सूचना

मोहाच्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, कित्येक मुले पहाटेच फुले वेचावयास जातात व शाळेत उशिरा येतात किंवा येतच नाहीत. अशा मुलांस वर्गासमोर बोल लावू नये. हा पाठ त्याच दिवसांत घ्यावा व त्या मुलांसच प्रथम बोलते करावे. जे मूल एरवी मागच्या रांगेत गप्प बसते, ते या पाठात इतरांचे शिक्षक होते, आणि घरच्या कामास शाळेत मान आहे असे दिसले की शाळेकडे त्याचे मन वळते.

पाठानंतर वरच्या वर्गातील मुलांनी घरी आलेला परवाना, पावती किंवा विक्रीचा हिशेब आईवडिलांना वाचून दाखवावा. त्यात माल, नग वा रक्कम यांचा मेळ बसत नसेल, तर तो कागद ग्रामसभेच्या पुढील बैठकीत मांडण्यास घरच्यांना सांगावे.

स्वाध्याय

(१) तुमच्या गावच्या वनातून मिळणाऱ्या दहा वस्तूंची यादी करा व प्रत्येकीचा महिना लिहा. (२) त्यांपैकी कोणती वस्तू पूर्वीपेक्षा कमी मिळते, हे आजीआजोबांस विचारा व त्यांनी सांगितलेले कारण लिहा. (३) त्या वस्तूसाठी गावाने कोणता एक नियम करावा, हे चार ओळींत लिहा व तो ग्रामसभेच्या अध्यक्षांकडे द्या.